सोड म्हणेपर्यंत

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. होती ती गुलाबी, पिवळ्या कागदाची, हाताला शाई लावणारी कामगार संघटनेची पत्रकं, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझी गणितं. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणते, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. रविवारी सकाळी ते खिडकीशी आरसा टेकवून दाढी करायला बसायचे आणि मी समोर उभी राहून आठवड्यात आलेलं पत्रक वाचून दाखवायचे. 'कामगार बंधूंनो' पासून 'आपले नम्र' पर्यंत. आबा सातवी शिकलेले, त्यांना वाचता येत होतं. पण त्यांना ऐकायचं असायचं. मी कितीही घसा ताणला तरी चौथ्या-पाचव्या ओळीला ते गालावरचा हात थांबवून म्हणायचे, "मोठ्यानं."

एवढंच. शाबास नाही, छान नाही. "मोठ्यानं."

पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले, तेव्हाही तेच. एक मे रोजी लोखंड बाजारातल्या त्यांच्या यार्डात झेंडा लागतो. टोळीतले सगळे जमतात, नारळ फुटतो, आणि त्या वर्षीचं पत्रक वाचलं जातं. मी नववीत असल्यापासून ते मी वाचते. आबा मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभे राहायचे. तिथून तो शब्द यायचा, आणि सगळे हसायचे, आणि मी लाल होऊन मोठ्यानं वाचायचे.

आबांचा आवाज हेच त्यांचं काम होतं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सळईची मोळी उचलायला सहा-सहा जण लागतात. खांद्यावर गोणपाटाची घडी, घडीवर सळई, आणि सहाही जण एका पावलानं चालतात. सळई लांब असते, मधे लवते. खांद्यावर घेताना कुणी थोडं मागेपुढे झालं तर चालतं. सोडताना चालत नाही. एकानं आधी सोडलं की ती झाडाच्या फांदीसारखी उसळते आणि शेजारच्याचं गळ्याचं हाड मोडते. म्हणून नियम एकच: हाक आल्याशिवाय सोडायचं नाही. मे महिन्यात लोखंडाचे चटके बसू देत, पाय मुरगळू दे, हाक येईपर्यंत खांदा तिथेच. ती हाक आबा द्यायचे. "हो... हो... सोड!" पहिला 'हो' लांब, दुसरा त्याहून लांब, आणि 'सोड' पाण्यात दगड टाकल्यासारखा. सहा खांदे एकाच क्षणी मोकळे व्हायचे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ट्रेलरपाशी सहा जण सळ्या घेऊन उभे राहिले आणि हाक आली नाही. मुकादमकाका, म्हणजे त्यांच्या टोळीचे प्रमुख, नंतर मला सांगत होते, "आमाला वाटलं दादा चेष्टा करतोय. मी म्हनलं, ए दादा, आज काय मौनव्रत हाय का? मग मी मान वळवून बघितलं तर त्याचं तोंड एका बाजूला गेल्यालं." मुकादमकाकांनी स्वतः हाक दिली, सळ्या खाली आल्या, आणि मग आबा कोसळले. त्याआधी नाही. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती, जीभ गेली होती, उजवी बाजू जात होती, पण हाक आली नव्हती म्हणून त्यांनी आपलं टोक सोडलं नव्हतं.

रुग्णालयातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचे नव्हते. बोलण्यातला एक शब्द उरला होता: "न्हाय." चहा हवा का? "न्हाय," आणि कप घ्यायला डावा हात पुढे. झोप लागली का? "न्हाय," आणि मान होकारार्थी. डॉक्टरांनी दिलेल्या कागदाच्या तळाशी शेवटची ओळ होती: फिजिओथेरपी, आठवड्यातून तीनदा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. उजवी बाजू गेलेल्या माणसानं आठवड्यातून तीनदा तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं कसं आणि परत चढायचं कसं, याला त्या कागदावर ओळ नव्हती. या देशात कामगाराला द्यायच्या सल्ल्यांमध्ये अशीच एक ओळ नेहमी कमी असते. माझं डोकं तेव्हा अशा वाक्यांनी भरलेलं होतं. अजूनही आहे.

ती ओळ मी लिहायची ठरवली. टोळीत बारा जण होते. मी कोष्टक केलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दोघं, संध्याकाळी कामावरून येताना दोघं, आणि फिजिओथेरपीच्या दिवशी चौघं. कोष्टकाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं: एकाचं ओझं, सगळ्यांचा खांदा. फ्रिजवर चिकटवलं. आईनं ते वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करते. आजवर मी कागदावर जे लिहीत होते ते पहिल्यांदा जिना चढून घरात आलं होतं.

आणि ते आले. एक दिवसही खाडा नाही. सकाळी साडेसहाला चपलांचा आवाज, "वैनी, च्या टाका," आणि दोन दणकट माणसं आबांना पलंगावरून अलगद उचलायची. अंघोळीच्या खोलीत, तिथून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. फिजिओथेरपीच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं त्यांना तीन मजले खाली न्यायचे. भरल्या कळशीतलं पाणी हिंदकळणार नाही असं. "दादा, तुझ्यापरीस सळई हलकी रं!" "वजन वाढलंय लेकाचं, बसून खातोय." आबा डाव्या ओठानं हसायचे. उचलताना ते आबांचा उजवा हात आपल्या मानेभोवती घ्यायचे आणि मनगट धरून खेचायचे, खांद्यावर ओझं घेण्याची त्यांची जन्माची सवय.

नव्या वर्षाचं कॅलेंडर लावलं त्या दिवशी आबांनी डाव्या हातानं पानं उलटायला सुरुवात केली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मे वर थांबले. एक तारखेवर बोट ठेवलं. मग त्याच हाताची दोन बोटं पलंगाच्या चादरीवर चालवली. टक, टक, टक. आणि माझ्याकडे बघितलं.

"एक मेला यार्डात जायचंय?" मी विचारलं.

मुकादमकाका तिथेच चहा पीत होते. "नेतो की! त्यात काय! खुर्चीत बसवून झेंड्याखाली नेतो, राजावानी!"

"न्हाय," आबा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. त्यांचा 'न्हाय' कशाचाही असायचा. त्या दिवशीचा तो खराखुरा 'न्हाय' होता, आणि तो ओळखायला मला जवळजवळ महिना लागला.

फिजिओथेरपीचा विभाग रुग्णालयाच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीबाहेर कपडे वाळत घातलेले, आत एक पंखा, दोन पलंग, एक जुनी सायकल, आणि चालायचा सराव करायला दोन समांतर लोखंडी दांडे. रांगेत डोक्याला मार लागलेला ट्रकचालक, कंप सुटणाऱ्या हातात फाइल धरलेले आजोबा, पाय लाकडासारखे ताठ झालेल्या मुलीला कडेवर घेतलेली आई. या सगळ्यांना एकच फिजिओथेरपिस्ट मॅडम. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, उरणकडच्या गावातली, उंचीनं आबांच्या खांद्याला लागेल एवढी. रुग्णांशी शुद्ध बोलायची, पण तापली की गावची भाषा बाहेर यायची.

जानेवारीच्या शेवटी तिनं आबांचा सदरा खांद्यावरून खाली केला आणि माझं बोट धरून त्यांच्या उजव्या खांद्याच्या टोकाखाली ठेवलं. तिथे खड्डा होता. माझं बोट त्यात बसलं.

"हा खांदा उतरलाय," ती म्हणाली. "मी सांगितलेलं हात धरून ओढू नका म्हणून. घरी काकांना उचलतात किती जण?"

"बारा," मी म्हणाले. अजूनही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

"बारा जन!" ती उभी राहिली. "मंग काकांना काम काय ठेवलाय तुमी?"

मी भडकले. मी म्हणाले की हे लोक दिवसभर लोखंड उचलून येतात आणि तरी येतात, की सरकारनं जे करायला हवं ते ही बारा माणसं करताहेत, की माणसाला त्याच्या दुखण्यासोबत एकटं सोडून देणारी व्यवस्था आम्हाला मान्य नाही. रांगेतले लोक ऐकत होते. बोलताना मला हेही जाणवत होतं की मी चांगलं बोलते आहे.

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "झाला? आता माझा ऐका. मेंदूचा एक भाग गेलाय काकांचा. बाकीचा जिता हाय. त्या बाकीच्याला शिकवायचाय की पाय कुठं हाय, जमीन कुठं हाय. ते त्याला कसं कळनार? पाय जमिनीवर दाबला तर. पडता पडता सावरला तर. तुमी तर पाय टेकूच देत नाय. दोन म्हैने झाले, तुमच्या बारा जनांनी याच्या मेंदूला एकच गोस्ट शिकवली हाय, की तुला कायपन करायची गरज नाय."

मी आबांचा सदरा वर केला. घरी येताना मनातल्या मनात तिच्याविरुद्ध एक अख्खं पत्रक लिहिलं.

ते पत्रक कागदावर आलं नाही. त्याच रविवारी आई बाहेर गेली होती, टोळीतलं कुणी यायला तासभर अवकाश होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर आबा पलंगाच्या काठावर आले होते. डावा पाय खाली टेकलेला, डाव्या हातानं ते उजवी मांडी उचलून उजवा पाय खाली आणत होते. समोरच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या होता. मी दारातच थांबले. मग त्यांना मी दिसले. आणि त्यांनी पाय सोडून दिला, डावा हात वर केला आणि वाट बघत बसले. लहान मूल कडेवर घ्यायला हात वर करतं, तसा.

ज्या माणसाच्या हाकेवर सहा खांदे चालायचे, तो एक हात वर करून बसला होता. हे त्यांना कुणी शिकवलं? मी शिकवलं. कोष्टक करून, ठळक अक्षरात मथळा देऊन.

मी त्यांना उचललं नाही. तांब्याही दिला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, एक मेला तुम्हाला खुर्चीत बसून नाही जायचं. चालत जायचंय. हो ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाय," आणि मान जोरात हलवली, वरून खाली.

मी फ्रिजवरचं कोष्टक काढलं. मंगळवारी मॅडमपुढे उभी राहिले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून एवढंच विचारलं, "मे पर्यंत चालतील?"

"सांगू नाय शकत," ती म्हणाली. "पन आता विचारलात ते बरोबर विचारलात."

काम सुरू झालं, आणि ते काम माझ्या कल्पनेतल्या कुठल्याही लढ्यासारखं नव्हतं. बसल्या जागेवरून उठायचं. एवढंच. दोन्ही पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं, आणि मग उठायचं. रोज, कित्येक वेळा. खालच्या खुर्चीतून आबांना उठता येत नव्हतं. मॅडम म्हणाली, बसायची जागा उंच करा, मग हळूहळू कमी करा. घरात उंच करायला होतं काय? माळ्यावरचे पत्रकांचे गठ्ठे. वीस वर्षांची पत्रकं मी खाली काढली, सुतळीनं घट्ट बांधली आणि खुर्चीवर सहा गठ्ठे रचले. वर सतरंजीची घडी. आबांनी गठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसताना डाव्या हातानं वरच्या गठ्ठ्याला नमस्कार केला. आई म्हणाली, "आवं, आता त्यावरच बसायचंय, पाया कसल्या पडताय!" आठवड्याला एक गठ्ठा कमी व्हायचा. कधी दोन आठवड्यांनी.

खरी अडचण टोळीची होती. "जिन्याखेरीज कुठेच उचलू नका" म्हटल्यावर त्यांना काय करावं ते कळेना. ते यायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे, आबा उठताना डगमगले की चार हात एकदम पुढे यायचे. मॅडमला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन या दोघांना. शिकवते."

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मुकादमकाका आणि टोळीतला आणखी एक जण आमच्याबरोबर आले. मॅडमनं आबांना दोन दांड्यांच्या मधे उभं केलं. कमरेला रुंद पट्टा, पट्टा डावीकडून मुकादमकाकांनी धरलेला, उजवीकडून दुसऱ्यानं. ती स्वतः समोर स्टुलावर, दोन्ही हात आबांच्या उजव्या गुडघ्यापाशी.

"मस्त. आता तुम्ही दोघं हात काढा."

कुणी हललं नाही.

"सोडा, काका. मी आहे इथं."

"न्हाय म्याडम," मुकादमकाका म्हणाले.

"अहो, मी गुडघा धरलाय त्यांचा!"

"तुमी धरलाय. आमी बी धरलाय. पन सोडायचं न्हाय."

"का?"

मुकादमकाकांच्या कपाळावर घाम होता. "हाक न्हाय आली."

ती वैतागून माझ्याकडे वळली. मी तिला सांगितलं. सळईचं, उसळण्याचं, गळ्याच्या हाडाचं. हाक आल्याशिवाय हे लोक सोडणार नाहीत, आणि हाक द्यायचं काम ज्याचं होतं तो दांड्यांच्या मधे उभा आहे.

 मॅडमनं मान वर करून आबांकडे बघितलं. "काका, मंग तुमीच सांगा यांना."

मला तिचा राग आला. तीन महिने ज्याच्या तोंडून एकच शब्द निघतो त्याची ही थट्टा वाटली. मी पुढे झाले. पण आबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते समोर बघत होते, भिंतीच्याही पलीकडे, आणि त्यांची छाती भरत होती.

"हो," आबा म्हणाले.

मुकादमकाकांची मान झटकन वर झाली.

"हो..." दुसरा, पहिल्याहून लांब. आवाज फाटका होता, सूर तोच होता. "सोड."

दोघांचे हात एकाच क्षणी पट्ट्यावरून निघाले. त्यांनी विचार केला नाही, विचार करायला वेळच नव्हता, हाक आली की हात सुटतात. मॅडमनंही गुडघ्यावरचे हात थोडे दूर घेतले. आबा उभे होते. कुणीही न धरता. रांगेतली ती मुलगीवाली बाई तोंडावर हात धरून बघत होती. मॅडम मनात आकडे मोजत असावी, तिचे ओठ हलताना दिसत होते. मग गुडघा लटपटला आणि तिनं त्यांना बसवलं.

मुकादमकाका बाहेर पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "तीन म्हैन्यानं बोलला, ते बी काय बोलला? सोडा म्हनं आमाला. लई माजलाय."

त्या दिवसापासून माझी खरी तहान सुरू झाली. आवाज होता तर. आत कुठेतरी होता. मग माझा शब्दही असणार. मी रविवारची वाट बघू लागले. माळ्यावरून काढलेल्या गठ्ठ्यांतलं जुनं पत्रक घ्यायचं, ते दाढीला बसले की समोर उभं राहायचं आणि मुद्दाम हळू आवाजात वाचायचं. इतकं हळू की मलाच नीट ऐकू येऊ नये. आबा डाव्या हातानं दाढी करायचे, उजवा गाल नेहमी थोडा राहून जायचा. चौथी ओळ. पाचवी ओळ. मी थांबायचे. ते आरशातून माझ्याकडे बघून हसायचे, वाच की, असं. मी पुढे वाचायचे.

शेवटी मी मॅडमला विचारलं. तिनं तिची दुपारची डबा खायची वेळ मला दिली. म्हणाली, "हाक, आरती, शिवी, आकडे, हे तोंडपाठ असतं. ते वेगळ्या वाटेनं येतं. आपण आता बोलतोय ते दुसऱ्या वाटेनं. काकांची ती दुसरी वाट बंद आहे. बोलण्याचे व्यायाम घेणारे आहेत, मी चिठ्ठी देते, जा. पण उघडेल का, किती उघडेल, हे तुला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको."

"पण तो शब्द पण तोंडपाठच होता," मी म्हणाले. "वर्षानुवर्षांचा."

तिनं विचारलं, कोणता? मी सांगितला नाही. का ते माहीत नाही.

एप्रिलअखेर खुर्चीवरचा शेवटचा गठ्ठा निघाला. आबा चार पायांची काठी डाव्या हातात घेऊन खोलीतल्या खोलीत चालत होते. उजव्या पायात घोट्याला आधार देणारी पट्टी, पाऊल अर्धवर्तुळात फिरून पुढे पडायचं. माझ्या लहानपणी पत्रकं वाटायला आम्ही यार्डात जायचो तेव्हा ते पुढे आणि मी गठ्ठा घेऊन मागे. त्यांची चाल माथाड्याची, आखूड आणि भराभर, जवळजवळ धावल्यासारखी. मला सारखं पळावं लागायचं, पाठीमागून फक्त त्यांच्या टाचा दिसायच्या. मी रागावून ओरडायचे, "आबा, थांबा ना!" ते कधी थांबले नाहीत.

उरला जिना. चोपन्न पायऱ्या. कठडा एकाच बाजूला. उतरताना तो डावीकडे, म्हणजे चांगल्या हाताला. चढताना उजवीकडे, म्हणजे निरुपयोगी. मॅडम एका सुट्टीच्या दिवशी स्वतः घरी आली, जिना बघितला आणि म्हणाली, "उतरताना दुखरा पाय आधी, चांगला मागून. चढताना कठड्याकडे तोंड करायचं, डाव्या हातानं कठडा धरायचा आणि आडवं चढायचं. चांगला पाय आधी. कसं? चिंबोरीवानी." आणि तिनं स्वतः आडव्या चार पायऱ्या चढून दाखवल्या, खेकड्यासारख्या. आबा मनापासून हसले. मला तिनं जागा दाखवली: त्यांच्या दुबळ्या बाजूला, एक पायरी खाली, हात पट्ट्याच्या जवळ.

एक मेला सकाळी आम्ही उतरायला लागलो. उजवा पाय, डावा पाय. प्रत्येक वळणावर खुर्ची घेऊन आई आधीच थांबलेली. शेजाऱ्यांची दारं उघडत होती. खाली पोचलो तेव्हा माझा कुडता पाठीला चिकटला होता. फाटकाबाहेर टेम्पो उभा होता आणि टेम्पोपुढे टोळी. सगळ्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मुकादमकाकांनीच सांगितलं होतं त्यांना, असं मागून कळलं: "हात म्होरं ठिवलं की जात्यातच. मागं बांदा." आबा फाटकातून बाहेर येईपर्यंत ही सगळी माणसं तशीच उभी होती. त्यांचे दंड आखडलेले दिसत होते. मी त्यांना गाड्याच्या गाड्या रिकाम्या करताना बघितलं आहे, इतकं दमलेलं कधी बघितलं नव्हतं.

यार्ड सुट्टीमुळे शांत होतं. ट्रेलर ओळीनं उभे, सळ्यांवर ऊन. रस्त्यापासून झेंड्याच्या खांबापर्यंत आबा चालत गेले. मी मागे, उजव्या बाजूला, बोटं पट्ट्यात अडकवून. पुन्हा त्यांच्या टाचा माझ्यासमोर होत्या. आता मला पळावं लागत नव्हतं. एका पावलानंतर थांबून पुढच्याची वाट बघावी लागत होती. मला पळायचं होतं.

झेंडा लागला. नारळ फुटला. आबांना खांबाजवळच्या बाकावर बसायला सांगितलं तर ते ऐकेनात. काठी टेकत सगळ्यांच्या मागे गेले आणि आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. मी पत्रक उघडलं. त्या वर्षी मी लिहिलं होतं की कामावर पडलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं हाही कामाचाच भाग आहे, की जिथे जिथे माणसं ओझी उचलतात तिथे तिथे चालायला शिकवणारा माणूस हवा, तळमजल्यावर मागच्या बाजूला नव्हे, समोर. एकेक शब्द मी मनापासून लिहिला होता. पण वाचायला लागले ते हळू आवाजात. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीला मी थांबले.

आबा माझ्याकडे बघत होते. काठीवर रेलून, डोळे बारीक करून, ऐकायला आलेल्या माणसासारखे. मी किती वेळ थांबले कुणास ठाऊक. ट्रेलरच्या ताडपत्रीवर कावळा बसलेला होता, तो उडून गेला.

"पोरी, मोठ्यानं वाच की गं," मुकादमकाका पुढून म्हणाले. "मागं ऐकू येत न्हाय."

सगळे हसले. दर वर्षीसारखे. मी मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. टोळी फाटकाशी थांबली, हात पाठीमागे. आबांनी कठड्याकडे तोंड केलं आणि आडवे चढायला लागले. डावा पाय, मग उजवा ओढून त्याच्याशेजारी. पहिला मजला. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. दुसरा मजला. ते दमले होते, उजवा पाय पायरीच्या कडेला अडखळत होता, आणि मी पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मुठीत. पाऊल उचललं की मी त्यांना वर खेचत होते. मला ते कळतही नव्हतं.

तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या वळणावर ते थांबले. मान वळवून त्यांनी खाली माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. काहीतरी शोधत होते. 

"हो..." आबा म्हणाले. "सोड."

मला दुसरा शब्द हवा होता. आजही हवा आहे. रविवारी सकाळी अजून मी हळूच वाचायला सुरुवात करते. पण माझे हात माझ्या आधी समजले होते. ते सुटले. मी एक पायरी खाली उभी राहिले, दोन्ही तळवे त्यांच्या पाठीपासून टीचभर अंतरावर, आणि आबांनी डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला. वर आईनं दार उघडल्याचा आवाज आला.